पाय टेकण्याची कुळकथा

१९७१ साली ट्रायम्फ बॉनव्हिलला नवी फ्रेम मिळाली आणि तिचे जुने भक्त तिच्यावर बसल्यावर चवड्यांवर उभे राहू लागले. इंजिन तेच होतं, ६५० सीसीचं, जोडसिलिंडरचं. टाकीवरचं नावही तेच. पण सीट जमिनीपासून ३२ इंचांच्या वर गेली होती. साडेपाच फुटांचा माणूस सिग्नलला थांबला की त्याला दोनांपैकी एक पाय निवडावा लागे.

ही फ्रेम आखली गेली उंबर्स्लेड हॉलमध्ये. बीएसए-ट्रायम्फ समूहाचं हे संशोधन केंद्र एका जुन्या जमीनदारी वाड्यात थाटलेलं होतं. कारखान्यातले लोक त्याला ‘स्लंबरग्लेड हॉल’ म्हणत, डुलक्या काढणाऱ्यांचा वाडा. मूळ कल्पना वाईट नव्हती. फ्रेमचा मुख्य नळच एवढा जाड करायचा की इंजिनाचं ऑइल त्यातच मावेल आणि वेगळी ऑइलची टाकी लागणार नाही. पण मेरिडेनच्या ट्रायम्फ कारखान्यात आराखडे उशिरा पोचले, आणि फ्रेम आली तेव्हा तिच्यात इंजिन सरळ बसेना. रॉकर बॉक्समध्ये फेरफार करावे लागले. या धांदलीत गाडीवर माणूसही बसणार आहे, इकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नसावं. व्हायची ती बोंब झाली. १९७२ मध्ये सीट पातळ केली गेली, सीटखालचे फ्रेमचे नळ खाली आणले गेले आणि गाडी पुन्हा माणसांत आली. तोवर होंडाच्या सीबी ७५०ने अमेरिकेतलं गिऱ्हाईक पळवलं होतं. १९७३ मध्ये बीएसए समूह कोसळला. तो एकट्या सीटपायी कोसळला असं म्हणणं पोरकटपणाचं होईल. पण गिऱ्हाइकाचे पाय जमिनीला लागतात का, हे न पाहणारी कंपनी बाकी काय काय पाहत नसेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

मोटरसायकल खाली उतरवणं, म्हणजे सस्पेन्शनमध्ये फेरफार करून सीट जमिनीच्या जवळ आणणं, हे काम आज गॅरेजात सर्रास होतं. करून घेणारे बहुधा कमी उंचीचे चालक असतात. त्यात मुली आणि बायका बऱ्याच. त्यामुळे ही युक्ती कुणा कनवाळू इंजिनिअरने त्यांच्यासाठीच शोधून काढली असावी असं वाटतं. तसं काही झालेलं नाही. ही विद्या जन्मली शर्यतींत आणि वाढली शौकात. ठेंगण्या माणसाच्या वाट्याला ती आली उरलीसुरली, इतरांचं वापरून झाल्यावर. आणि गाडी मुळात उंच झाली, तीही शर्यतींमुळेच.

अगदी पहिल्या मोटरसायकलला हा प्रश्न नव्हता. गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये जर्मनीत बनवलेल्या लाकडी ‘राइटवागन’ला दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं होती, तेव्हा पाय टेकायची वेळच येत नसे. पुढे मोटरसायकल सायकलच्या घराण्यात गेली, बाजूची चाकं गळाली आणि पायांवर जबाबदारी आली. पण त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षं गाड्या बुटक्याच राहिल्या. बहुतेक गाड्यांत मागच्या चाकाला स्प्रिंगच नसायची, चाक फ्रेमला घट्ट बांधलेलं असायचं. धक्के झेलायचं काम चामड्याच्या खोगिराखालच्या स्प्रिंगा करत आणि उरलेलं चालकाचे मणके करत. चाक जागचं हलणार नाही म्हटल्यावर खोगीर टाकीच्या मागे, मडगार्डच्या पुढे, पार खाली ठेवता येई. १९१६ मध्ये ऑगस्टा आणि अ‍ॅडलीन व्हॅन ब्युरन या बहिणी इंडियन कंपनीच्या पॉवर प्लस गाड्यांवर ब्रुकलिनहून निघाल्या आणि अमेरिका आडवी ओलांडून गेल्या. वाटेत कोलोरॅडोमधल्या पाइक्स पीक या शिखरावरही त्यांनी गाड्या चढवल्या. वाटा बहुतेक कच्च्या, चिखलाच्या, पाय मारत मारत पुढे जायचं. त्यांना रस्त्यात अटक झाली ती पुरुषी विजारी घातल्याबद्दल, हे जाता जाता सांगायला हवं.

मागच्या चाकाला स्प्रिंग द्यायचे प्रयत्न तेव्हाही चालू होते. इंडियनने १९१३ मध्ये मागे पाटे लावून पाहिले. इंग्लंडमध्ये फिलिप व्हिन्सेंटने १९२८ मध्ये त्रिकोणी आकाराचा, सीटखालच्या स्प्रिंगांना धडकणारा मागचा चिमटा बनवला. आपले मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात तो हाच भाग, मागचं चाक धरून वरखाली होणारा. तो सगळीकडे रूढ झाला मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर. पुढे मद्रासला बनू लागलेल्या रॉयल एनफिल्ड बुलेटला तो इंग्लंडमध्ये १९४९ सालीच होता. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंची, असाच चिमटा असलेली फेदरबेड फ्रेम नॉर्टनने १९५० मध्ये शर्यतीत उतरवली. पण या सगळ्या गाड्यांत चाकाची उडी दोन-तीन इंचांचीच. सीट तीस-एकतीस इंचांच्या आसपास राहिली आणि कुणाचं फार अडलं नाही.

अडायला लागलं ते मोटोक्रॉसने. खड्डे, टेकाडं आणि उड्या असलेल्या मातीच्या वर्तुळात होणारी ही शर्यत. तिथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मागच्या चाकाची उडी सुमारे १०० मिलिमीटर होती. ल्युसियां टिल्केन्स या बेल्जियन इंजिनिअरने दोन बाजूंच्या दोन शॉकअपऐवजी सीटखाली आडवा, लांब असा एकच शॉकअप बसवून दाखवला. चिमट्याचा त्रिकोण पाहिला तर व्हिन्सेंटची आठवण व्हावी. यामाहाने ती कल्पना विकत घेतली आणि १९७३ मध्ये स्वीडनच्या हाकन अँडरसनने त्या गाडीवर २५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. मग चढाओढ लागली. दशक संपता संपता चाकाची उडी ३०० मिलिमीटरपर्यंत पोचली.

आता हिशेब करा. चाक ३०० मिलिमीटर वर उसळणार असेल, तर त्याच्या डोक्यावर तेवढी मोकळी जागा हवी आणि सीट त्या जागेच्याही वर. आजच्या मोटोक्रॉस गाडीची सीट ९५० मिलिमीटरच्या घरात असते, म्हणजे ३७ इंच. शर्यतीत कुणाची तक्रार नसते, कारण चालक बराच वेळ उभाच असतो आणि पाय टेकायचा तो सुरुवातीच्या फाटकापाशी, एकदा. पण शर्यतीत जे जिंकतं ते दुकानात विकलं जातं. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस आणली, सीट ८६० मिलिमीटर. १९८१ मध्ये ह्युबर ओरिओलने तिच्यावर सहारातून जाणारी पॅरिस-डाकार शर्यत जिंकली. त्यानंतर लांब पाय आणि उंच मान असलेली गाडी म्हणजे साहस, असं समीकरणच होऊन बसलं. सहारा वाळवंट न पाहिलेली लाखो माणसं सहारासाठी आखलेल्या उंचीवर बसून भाजी आणायला जाऊ लागली.

गंमत अशी की उंचीवरचा उताराही त्याच शर्यतींनी दिला. एकच शॉकअप थेट चिमट्याला जोडला की तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखाच कडक वागतो. अभियंत्यांना हवं होतं की छोट्या खड्ड्याला तो मऊ असावा आणि उडीवरून आदळताना कडक व्हावा. म्हणून चिमटा आणि शॉकअप यांच्यामध्ये लोखंडी दुव्यांची आणि तरफेची जोडणी आली. कावासाकीची युनि-ट्रॅक, होंडाची प्रो-लिंक आणि सुझुकीची फुल फ्लोटर या तिन्ही १९८०-८१ च्या सुमारास विक्रीच्या गाड्यांवर दिसू लागल्या आणि लवकरच रस्त्यावरच्या गाड्यांतही शिरल्या. अडकित्त्यात सुपारी बिजागरीजवळ सरकवली की तेवढ्याच जोराने जास्त कडक खांड फुटतं. या जोडणीत चाक वर येताना तरफेचे कोन बदलून असंच काहीसं घडतं. आता या जोडणीतल्या दुव्याची लांबी थोडी बदलली, तर शॉकअपला हात न लावता चिमट्याचं बसणंच बदलतं. बहुतेक गाड्यांत दुवा लांब केला की मागची बाजू खाली येते, काही गाड्यांत उलटं. दोन पट्ट्या, चार भोकं, अर्ध्या तासाचं काम. कारखान्यातल्या कुणी ही सोय म्हणून ठेवली नव्हती. ती आपसूक राहून गेली होती.

ती प्रथम हेरली ठेंगण्यांनी नव्हे, तर ड्रॅग शर्यतवाल्यांनी. पाव मैल सरळ रस्त्यावर शक्य तितक्या वेगाने सुटायचं, तर मोठा अडसर एकच. एक्सलरेटर पिळला की पुढचं चाक हवेत. वजनाचा मध्य खाली आणला आणि चाकांमधलं अंतर वाढवलं की गाडी जमिनीला धरून सुटते. म्हणून मागे लांब चिमटा, बदललेला दुवा आणि पुढचे शॉकअप दाबून पट्ट्याने बांधलेले, असा थाट ठरून गेला. १९९९ मध्ये सुझुकीची हायाबुसा आली आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हा थाट शर्यतीबाहेर, रस्त्यावर मिरवण्याची चीज झाला. जमिनीला टेकलेली, हातभर लांब चिमट्याची, क्रोमने लखलखणारी हायाबुसा. खड्ड्यात तिचं काय होत असेल याची कल्पना आपल्याकडच्या वाचकाला जास्त चांगली करता येईल. पण लांब-आखूड करता येणारे तयार दुवे बाजारात मुबलक मिळू लागले ते या हौशीमुळे. सव्वापाच फुटांच्या चालकाने त्याच दुकानाच्या त्याच कपाटातून आपली जोडी उचलली.

हार्ले-डेव्हिडसनने मात्र खाली बसणं हीच ऐट करून विकली. १९७७ मध्ये विली जी. डेव्हिडसनच्या हाताखाली एफएक्सएस लो रायडर आली. तिची सीट साधारण २७ इंचांवर, नावातच खालीपणा. मोठमोठ्या, रुंद खांद्यांच्या गड्यांनी ती डोक्यावर घेतली. त्यानंतर स्पोर्टस्टरची ‘हगर’ आवृत्ती निघाली. मागचे शॉकअप आखूड, सीट पातळ, बाकी गाडी तीच. ती बायकांना आणि कमी उंचीच्या पुरुषांना सोयीची पडली, पण लो रायडरने ‘खाली’ या गोष्टीला आधीच रुबाब दिलेला असल्यामुळे हगर घेताना कुणाला कमीपणा वाटला नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ‘बुटक्यांसाठी खास’ असं लिहिलेली गाडी कुणीच घेतली नसती.

आता गॅरेजातलं काम. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गफलत इथेच होते.

दुवा बदलून मागची बाजू समजा २५-३० मिलिमीटर खाली आणली. तेवढ्यावर भागवलं, तर गाडी मागे झुकते. पुढच्या शॉकअपचा कल वाढतो, हँडल जड वाटायला लागतं आणि वळणावर गाडी नाखुशीने आत शिरते. हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो, हे तर बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. म्हणून पुढचे शॉकअपही ‘टी’मध्ये, म्हणजे त्यांना धरणाऱ्या आडव्या जोडणीत, वर सरकवून घ्यायचे असतात. किती, ते गाडीप्रमाणे. दहा-पंधरा मिलिमीटरच्या पुढे जायचं तर शॉकअप पूर्ण दाबल्यावर पुढचं मडगार्ड रेडिएटरला किंवा खालच्या टीला लागत नाही ना, हे पाहूनच.

दुसरी गोष्ट साइड स्टँडची. गाडी खाली आली, स्टँड मात्र जुन्याच लांबीचा. मग गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि शेजारून बस गेली तरी उजवीकडे पडते. स्टँड कापून, पाऊल पुन्हा वेल्ड करून घ्यावंच लागतं. डबल स्टँड असेल तर तो लावताना गाडी आता जास्त उचलावी लागते, म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप केला त्याच्याच कमरेवर भार. चेनची ढिलाईही पुन्हा तपासावी लागते, कारण चिमट्याचा कोन बदललेला असतो.

पण खरी मेख वेगळीच आहे. दुवा बदलल्याने शॉकअपचा प्रवास कमी होत नाही, चाकाचा प्रवास नुसता मडगार्डच्या बाजूला सरकतो. शॉकअप पूर्ण दाबला गेला की चाक पूर्वीपेक्षा वर येतं आणि मडगार्डला किंवा सीटखालच्या भागाला घासतं. तरफेचं प्रमाण बदलल्याने स्प्रिंगही आधीपेक्षा मऊ वागते, त्यामुळे पूर्ण दाबलं जाण्याचे प्रसंग वाढतात. मागे पोतंभर सामान किंवा दुसरा माणूस असला की मग बघायलाच नको. दुसरी रीत जास्त खर्चाची आणि जास्त सभ्य आहे. शॉकअप उघडून त्याच्या दांड्यावर आतून बुश घालायचा, म्हणजे तो पूर्ण उघडूच शकत नाही. तसंच पुढच्यांनाही. इथे प्रवास कापला जातो तो शॉकअप उघडण्याच्या टोकाचा. चाक मडगार्डच्या जवळ पूर्वीइतकंच येतं, त्याहून जास्त नाही. प्रवास थोडा गेला, पण लपंडाव नाही. माझं मत विचाराल तर दुवा हा घाईचा इलाज आहे आणि बुश हा खरा.

कोणत्याही रीतीने गेलात तरी जमिनीपासूनचं अंतर घटतंच. वळणावर पाय ठेवायची खुंटी लवकर घासते आणि गतिरोधकावर इंजिनाखालची पट्टी बोलते. आपल्याकडे गतिरोधक गावच्या उत्साहाप्रमाणे उंच असतात, तेव्हा इंच-दीड इंच ही मोठी रक्कम आहे.

आणखी एक अन्याय सहसा बोलला जात नाही. चालक बसला की गाडी थोडी दबते, आणि ते बरोबरच आहे. सस्पेन्शनच्या एकूण प्रवासातला साधारण तिसरा हिस्सा चालकाच्या वजनाने दबलेला असावा असं मानतात. पण स्प्रिंग निवडताना कारखान्याच्या मनात जो चालक असतो तो बहुधा सत्तर-पंच्याहत्तर किलोंचा किंवा त्याहून जड. पन्नास किलोंची मुलगी बसली तर गाडी तेवढी दबतच नाही. म्हणजे ती उंचीनेही कमी आणि वजनानेही, आणि तिच्यासाठी सीट शंभर किलोंच्या काकांपेक्षा दोन बोटं उंच. अशा वेळी तिच्या वजनाला साजेशी मऊ स्प्रिंग बसवली, की गाडी खालीही येते आणि चालतेही अधिक चांगली. या एका बाबतीत गाडी खाली आणणं म्हणजे तडजोड नाही, दुरुस्ती आहे.

या सगळ्याचा शांतपणे विचार केला जपानने. १९८५ मध्ये यामाहाने सेरो २२५ आणली, डोंगरातल्या शेळीच्या जातीच्या एका प्राण्याचं नाव असलेली. मातीतली गाडी असूनही सीट ८१० मिलिमीटर. मोटोक्रॉसचा उन्माद भरात असताना तिच्यामागचा विचार उलटा होता: अवघड वाटेवर चालक दोन्ही पाय मारत जाणार, तेव्हा ते जमिनीला लागलेच पाहिजेत. ही गाडी पस्तीस वर्षं विकली गेली. पुढे होंडाने जपानसाठी २०२० च्या अखेरीस नवी सीआरएफ २५० एल आणली, तेव्हा ८३० मिलिमीटर सीटची, आखूड सस्पेन्शनची गाडी ही साधी आवृत्ती ठरवली आणि ८८० मिलिमीटरच्या उंच गाडीच्या नावाला वेगळं अक्षर जोडलं. कोण सर्वसाधारण आणि कोण खास, हा प्रश्न त्यांनी असा सोडवला.

भारतात हा प्रश्न उशिरा आला. आपल्या नेहमीच्या गाड्या बुटक्या. लूना तर १९७२ मध्ये नगरच्या कारखान्यातून निघाली ती सायकलवर बसता येणाऱ्या कुणालाही चालवता यावी अशीच, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षिकांना आणि नर्सबाईंना पाय टेकण्याची चिंता कधी करावी लागली नाही. मातीच्या वाटांच्या, लांबच्या सफरींच्या गाड्या गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या. भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास, स्त्रीची १५२ च्या. १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईच्या पायाची आतली लांबी जेमतेम ७० सेंटिमीटर. हिरोच्या एक्सपल्स २०० ची सीट ८२५ मिलिमीटर, आणि तिच्याच लांब सस्पेन्शनच्या प्रो आवृत्तीची ८९१. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर २०२० मध्ये आली ती ८५५ घेऊन. ही गाडी पुण्याजवळ चाकणला बनते, पण तिची उंची ऑस्ट्रियातल्या माणसांच्या मापाची. शिवाय तिच्या शॉकअपला दुव्यांची जोडणीच नाही, तो थेट चिमट्यावर बसतो, त्यामुळे पट्ट्या बदलून काम भागवायची वाटही बंद. २०२३ मध्ये कंपनीने भारतासाठी ८३० मिलिमीटर सीटची ‘व्ही’ आवृत्ती काढली. पंचवीस मिलिमीटर म्हणजे काही मोठं दान नव्हे, पण गिऱ्हाइकांचं म्हणणं ऐकू आलं होतं एवढं खरं.

रॉयल एनफिल्डच्या पहिल्या हिमालयनने मात्र २०१६ मध्येच दाखवून दिलं होतं की हा झगडा अटळ नाही. मागच्या चाकाला १८० मिलिमीटरची उडी, पुढच्याला २००, आणि सीट ८०० मिलिमीटर. जाणकारांनी तिच्या वजनाला आणि कमी ताकदीला नावं ठेवली, ती ठेवण्यासारखी होतीही. पण लडाखच्या वाटेवर ज्या मुली मोटरसायकलवर दिसू लागल्या त्यातल्या बऱ्याच जणी हिमालयनवर होत्या, आणि त्यात ८०० या आकड्याचा हात मोठा आहे असं मी मानतो.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. सीटचा फोम बदलणं किंवा कंपनीचीच कमी उंचीची सीट बसवणं याला सहसा कुणी हरकत घेत नाही. चिमट्याची लांबी बदलणं, फ्रेम कापणं ही उघड आगळीक. दुवा आणि बुश हे या दोन टोकांमधल्या धूसर पट्ट्यात आहेत, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला तोच पट्टा आधी दिसतो.

म्हणूनच कारखान्यांनी हे काम आपल्याकडे घेणं योग्य, आणि महागड्या गाड्यांत ते सुरू झालं आहे. २०२१ मध्ये हार्लेच्या पॅन अमेरिका १२५० ने थांबताना स्वतःहून खाली बसायला सुरुवात केली. वेग मंदावला की सस्पेन्शनमधला दाब कमी होतो, गाडी इंच-दोन इंच उतरते, निघाल्यावर पुन्हा वर येते. २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर १३०० जीएसने हीच सोय ३० मिलिमीटरच्या फरकाने दिली. त्याच सुमारास मोटोजीपी शर्यतींत उलटी गोष्ट चालली होती. तिथे गाडी खाली बसवायची ती शर्यत सुटताना आणि वळणातून बाहेर पडताना, ड्रॅगवाल्यांच्याच कारणासाठी, पुढचं चाक उचलू नये म्हणून. वेग फार वाढतो म्हणून २०२३ पासून तिथे धावत्या गाडीची पुढची बाजू खाली बसवणारी यंत्रणा बंद झाली आणि २०२७ पासून सगळ्याच बंद होणार आहेत. शर्यत जे टाकून देत आहे ते सामान्य चालकाकडे येऊन राहतं आहे. आजवर झालं तेच पुन्हा. फक्त किंमत वीस लाखांच्या पुढे आहे.

तेवढे पैसे नसलेल्यांसाठी क्रम साधा आहे. आधी एक पाय नीट टेकून, किंचित बाजूला सरकून थांबायचा सराव करा. डाकारचे कितीतरी चालक दोन्ही पाय टेकवू शकत नाहीत. मग सीट बघा. उंचीइतकीच तिची रुंदी आडवी येते, पुढचा भाग निमुळता करून घेतला तरी दोन बोटं मिळतात. शोरूममध्ये कमी उंचीची सीट किंवा आवृत्ती आहे का ते लेखी विचारा. मागणी कागदावर आली तरच ती कंपनीपर्यंत जाते. वजन कमी असेल तर स्प्रिंग बदला. त्यानंतरही पाय पोचत नसतील तर जाणत्या माणसाकडून बुश घालून घ्या. आणि शेवटी दुव्यावरच आलात, तर पुढचे शॉकअप, चेन आणि साइड स्टँड त्याच दिवशी करून घ्या, आणि रात्री हेडलाइट भिंतीवर मारून झोत कुठे जातो ते एकदा बघा.